‘फेल’ एवढ्यावर भागत नाही

देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि पलीकडे जालना जिल्ह्यातले जाफराबाद या पट्ट्यात शेडनेटखाली टोमॅटो, मिरची, काकडी अशी पिके घेतली जातात, ती भाजीसाठी नव्हे, बियाण्यासाठी. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली. पुढे जालना हे बियाणे कंपन्यांचे गाव झाले आणि संकरित बियाणे तयार करण्याचे काम आजूबाजूच्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांकडे आले. काम फार नाजूक. टोमॅटो-मिरचीत मादी झाडाची कळी उमलण्याआधी तिच्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, मग नर झाडाचे पोलन तिला लावायचे, आणि हे एकेका कळीवर, आठवडेच्या आठवडे करत राहायचे. फळ पिकून बी निघाले की त्याच्या दोन परीक्षा होतात. एक प्रयोगशाळेत, उगवणशक्तीची. दुसरी शेतात, जनुकीय शुद्धतेची. तिला सगळे जीओटी म्हणतात. लॉटमधून नमुना काढतात, पेरतात, झाडे वाढवतात आणि एकेक झाड पाहून ते खरोखर त्या संकराचे आहे की नाही हे ठरवतात. यात एक हंगाम निघून जातो, आणि शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेब या निकालावर अडलेला असतो.

समजा निकाल आला आणि त्यावर एकच शब्द होता, ‘फेल’. शेतकऱ्याने पुढच्या वर्षी काय बदलायचे? शंभरातली आठ झाडे चुकीची निघाली असे धरू. ती आठही मादी वाणासारखी दिसत असतील तर कळ्या वेळेवर हाताळल्या गेल्या नाहीत, पुंकेसर काढायला उशीर झाला आणि झाडाने स्वतःच्याच परागावर फळ धरले. मजुरांची वेळ आणि हात सुधारायला हवा. तीच आठ झाडे मादीसारखी नसून भलत्याच वाणांची दिसत असतील तर बाहेरचे पोलन आत आले, म्हणजे नेट फाटले आहे किंवा शेजारचा प्लॉट फार जवळ आहे. टक्केवारी दोन्हीकडे सारखीच, ९२. उपाय मात्र अगदी वेगळे. ‘फेल’ या शब्दात हा फरक मावत नाही. उगवण चाचणीत तर ही वर्गवारी पद्धतीचाच भाग आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेच्या नियमांत आणि आपल्याकडच्या बीज परीक्षणातही चारशे बिया घेतात, आणि केवळ उगवलेल्या मोजून थांबत नाहीत. सामान्य रोपे किती, विकृत रोपे किती, कठीण बिया किती, ताज्या पण न उगवलेल्या किती आणि मेलेल्या किती, अशी मोजणी होते. सोयाबीनची प्रमाणित उगवण किमान ७० टक्के लागते. लॉट साठावर अडला आणि उरलेल्यांत विकृत रोपे जास्त निघाली, तर मळणीत बियाण्याला मार लागल्याचा संशय येतो. मेलेल्या बिया जास्त असतील तर ओलाव्याकडे, साठवणुकीकडे पाहावे लागते. परीक्षा घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ही माहिती आलेलीच असते. ती कागदावर उतरवायची की फेकून द्यायची, एवढाच प्रश्न.

बीजशास्त्राने कित्येक दशकांपूर्वी मान्य केलेली ही गोष्ट संगणकाच्या तळाच्या थरात काम करणाऱ्यांच्या अजून पुरती अंगवळणी पडलेली नाही, असे माझे म्हणणे आहे. तळाचा थर म्हणजे मोबाइलमधल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, वीजमीटरमधल्या चिपवरचा प्रोग्राम, गाडीच्या ब्रेकचा कंट्रोलर, मेमरी वाटून देणारी आणि फाइली वाचणारी मूळ लायब्ररी. हा कोड अजूनही मुख्यतः सी भाषेत लिहिला जातो. पुण्याच्या हिंजवडीत आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात वाहनांसाठी असा कोड लिहिणारी बरीच मंडळी आहेत आणि त्यांत बुलढाणा, जालना, परभणीकडून गेलेली मुलेमुली पुष्कळ आहेत. कोड लिहिला की त्याच्या टेस्ट लिहितात. टेस्ट पास झाली तर कोणी तिच्याकडे पाहतही नाही. ती वाचली जाते फेल झाल्यावरच. म्हणून टेस्टने फेल होताना काय सांगितले हा टेस्टचाच भाग धरला पाहिजे, वरची सजावट नव्हे. जी टेस्ट चूक पकडते पण चुकीबद्दल हाती आलेली माहिती टाकून देते, ती अर्धेच काम करते आणि उरलेले अर्धे काम दुसऱ्याच्या डोक्यावर टाकते.

माहिती टाकून दिली जाते ती कशी, हे सी भाषेच्या ‘असर्ट’मध्ये स्वच्छ दिसते. १९८९ साली सी भाषा प्रमाणित झाली तेव्हापासून असर्ट तिच्यात आहे. कंसात एक अट लिहायची. अट खोटी ठरली तर प्रोग्राम एक ओळ छापून तिथेच थांबतो. त्या ओळीत अटीचा मजकूर, फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. १९९९च्या आवृत्तीत फंक्शनच्या नावाचीही भर पडली. वरवर पाहता हे पुरेसे वाटते. पण कंपाइल होताना ती अट दोन वाटांनी जाते. एकीकडे तिची नुसती अक्षरे होतात, दुसरीकडे यंत्राच्या सूचना होतात. प्रोग्राम चालताना यंत्र दोन आकड्यांची तुलना करते आणि हाती उरते ते फक्त खरे किंवा खोटे. आकडे प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये क्षणापूर्वी होते. छापणाऱ्या ओळीपर्यंत ते पोहोचतच नाहीत. त्यामुळे मेसेज सांगतो की ‘लांबी बरोबर अपेक्षित लांबी’ ही अट मोडली. लांबी किती होती ते सांगत नाही, अपेक्षित किती होती तेही नाही. पायथनसारख्या भाषांत चालू प्रोग्रामला प्रत्येक वस्तूचा प्रकार ठाऊक असतो, म्हणून पायटेस्टसारखे साधन अट उलगडून दोन्ही बाजूंच्या किमती आपोआप दाखवते. सी भाषेत चालू प्रोग्रामला मेमरीतले चार बाइट म्हणजे पूर्णांक आहे, दशांश अपूर्णांक आहे की एखाद्या पत्त्याचा तुकडा, याचा पत्ता नसतो. मेसेज वाचनीय करायचा तर तो मुद्दाम, हाताने करावा लागतो. तळाच्या कोडमध्ये मेसेज रुक्ष राहतात ते लिहिणाऱ्यांच्या आळसापायीच असे म्हणता येत नाही. भाषाच तिथे हात आखडता घेते.

पहिली सुधारणा उघड आहे: दोन्ही किमती दाखवा. १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा यांनी जावासाठी जेयुनिट तयार केले तेव्हापासून ‘हे अपेक्षित होते, हे मिळाले’ ही घडण सर्वत्र पसरली. एम्बेडेड सीसाठी असलेल्या युनिटी या छोट्या लायब्ररीतही ती आहे. पण तळाच्या थरात नुसते आकडे दाखवून काम होत नाही. आकडा कोणत्या रूपात दाखवला यावर सगळे ठरते. एक उदाहरण बारकाईने पाहू. एखादा सेन्सर आपले माप दोन बाइटमध्ये पाठवतो आणि प्रोग्राम ते जोडून एक संख्या करतो. टेस्ट फेल होते आणि मेसेज येतो: अपेक्षित २९१, मिळाले ८९६१. या दोन आकड्यांकडे कितीही वेळ पाहिले तरी हाती काही लागत नाही. सेन्सर बिघडला? गुणाकार चुकला? मेमरीत कचरा होता? आता तेच दोन आकडे सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये लिहा: अपेक्षित ०१२३, मिळाले २३०१. पाहताक्षणी कळते की ०१ आणि २३ हे दोन बाइट अदलाबदल झाले आहेत. पाठवणारा मोठा बाइट आधी पाठवतो आणि घेणारा त्याला लहान समजतो. कोड न उघडता चूक सापडली. दोन्ही मेसेज तितकेच खरे होते, दोघांत तितकीच माहिती होती, पण एक वाचता येत होता आणि दुसरा येत नव्हता. दुसरीकडे, एखाद्या फंक्शनने उणे १ द्यायला हवे होते आणि ६५५३५ आले, तर तिथे दशमान उपयोगी पडते. सोळा बिटांची चिन्हासह असलेली संख्या बिनचिन्हाची म्हणून वाचली गेली, हे त्या ६५५३५ वरून सरावलेल्या डोळ्याला लगेच दिसते. म्हणून दोन्ही रूपे शेजारी-शेजारी छापणे हाच शहाणपणा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणाऱ्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या टेस्टमध्ये असेच केले आहे. तिथे तुलना मोडली की डावी किंमत आणि उजवी किंमत वेगवेगळ्या ओळींवर येतात, प्रत्येक किंमत दशमानात आणि हेक्समध्ये, आणि शेजारी ती कोणत्या पदावलीतून आली तो मजकूर. तीन-चार ओळींचा मेसेज. पण त्यात विचारण्यासारखे फारसे काही उरत नाही.

आकडा एकच असतो तोवर हे सोपे आहे. तळाच्या कोडचे बरेचसे काम मात्र बाइटांच्या लांबच लांब पट्ट्यांवर चालते: इथला मजकूर तिथे नक्कल करा, नेटवर्कवरून आलेले पॅकेट उघडा, एनक्रिप्ट केलेला ब्लॉक उलगडा. अशा दोन पट्ट्यांची तुलना करून ‘वेगळ्या आहेत’ एवढेच सांगणारी टेस्ट मी फार वाईट समजतो, कारण तुलना करणाऱ्या लूपला फरक नेमका कुठे सुरू झाला हे माहीत असते. तो क्रमांक अतिशय बोलका असतो. नक्कल करणारे फंक्शन ३२ बाइट एका दमात उचलत असेल आणि फरक पहिल्या ३२ बाइटांनंतर सुरू होत असेल, तर मुख्य लूप ठीक आहे आणि उरलेले शेपूट उचलणाऱ्या भागात गफलत आहे. फरक पहिल्याच बाइटपासून असेल तर सुरुवातीचा पत्ताच चुकला. मधेच एक बाइट चुकून पुढे पुन्हा सगळे जुळत असेल, तर कोणीतरी तिसऱ्यानेच त्या जागी लिहिले आहे. अशा फंक्शनच्या टेस्ट शेकडो लांब्या आणि शेकडो सुरुवातीच्या पत्त्यांवर लूप लावून चालवतात. तेव्हा फेल झालेली फेरी कोणती, लांबी किती होती, पत्ता आठाच्या पटीत होता की नव्हता, हे मेसेजमध्ये नसेल तर ओळीचा क्रमांक कुचकामी ठरतो. ती ओळ हजारो वेळा चालली. त्यांतली नेमकी कोणती फेरी अडली?

टेस्टचा निकाल वाचणाऱ्याच्या सोयीचा हवा, हे लिनक्सच्या गाभ्यालाही उशिराच कळले. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून गाभ्यात के-युनिट ही टेस्टची चौकट आहे. तिच्यात ‘अपेक्षा’ आणि ‘असर्ट’ असे दोन प्रकार आहेत. अपेक्षा मोडली तर नोंद होते आणि टेस्ट पुढे चालू राहते; असर्ट मोडले तर तिथेच थांबते. हा फरक वाचणाऱ्याच्या सोयीचा आहे. सहा गोष्टी तपासायच्या असतील आणि पहिली, तिसरी, पाचवी मोडली असे एकदम दिसले, तर विषम क्रमांकांचे काहीतरी बिनसले आहे हे लक्षात येते. पहिल्यावरच थांबलो असतो तर हा आकृतिबंध दिसलाच नसता. पुढच्या पायऱ्या मागच्यावर अवलंबून असतील तर मात्र थांबणेच बरे, नाहीतर एका मूळ चुकीची वीस पिल्ले पडद्यावर नाचतात. त्याच आवृत्तीत आणखी एक लहानसा बदल आला. गाभ्यातली फंक्शने चूक झाली की उणे आकडा परत देतात: उणे २२ म्हणजे चुकीचा आर्ग्युमेंट, उणे १२ म्हणजे मेमरी संपली. आकड्याऐवजी त्या चुकीचे नाव छापण्याची सोय छापणाऱ्या फंक्शनमध्ये झाली. हे आकडे अनेकांना पाठ असतात हे खरे. पण आकडा आठवून नाव काढण्याचे काम यंत्राला करता येत असताना ते दरवेळी माणसाकडून करवून घेण्यात काय अर्थ आहे?

मेसेज वाईट असला की काय होते, याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही, आणि तो भयंकर आहे. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारे कॅनेडियन यंत्र होते. त्याचा प्रोग्राम पीडीपी-११ संगणकाच्या असेंब्ली भाषेत, म्हणजे अगदी तळाच्या थरात लिहिलेला होता. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी दोन घटना घडल्या तेव्हा पडद्यावर आलेला मेसेज होता ‘मालफंक्शन ५४’. चालकाच्या हातातल्या माहितीपुस्तिकेत ५४ चा अर्थ दिलेला नव्हता. कंपनीच्या अंतर्गत कागदात त्याचा अर्थ होता, मात्रा अपेक्षेपेक्षा फार जास्त किंवा फार कमी गेली. जास्त की कमी, हेही तो आकडा सांगत नव्हता. यंत्र असे आकडे वारंवार दाखवी आणि एक बटण दाबून पुढे जायची सवय चालकांना लागली होती. दुर्घटनेचे मूळ प्रोग्राममधल्या वेळेच्या चुकीत आणि सुरक्षेची यांत्रिक साधने काढून टाकण्यात होते, हे निर्विवाद. तरी यंत्राला काहीतरी बिनसल्याचे कळले होते आणि समोरच्या माणसाला त्याने ते कळेल असे सांगितले नाही, हेही तितकेच निर्विवाद.

दुसरा पुरावा ४ जून १९९६ चा. एरियन-५ रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दिशा मोजणाऱ्या उपकरणाच्या संगणकाने ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबायचा प्रयत्न केला. ती मावली नाही आणि संगणक बंद पडला. जोडीचा संगणक त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता. रॉकेट चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. ही चूक पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते. चौकशी अहवालातला पुढचा भाग तितका शिकवला जात नाही. बंद पडणाऱ्या उपकरणाने आपल्या बिघाडाची माहिती मुख्य संगणकाकडे पाठवली होती. त्या वाहिनीवरून उड्डाणाची मापे जात असत आणि बिघाडाची नोंदही तिथूनच गेली. मुख्य संगणकाने ती नोंद मापे समजून वाचली आणि नोझल जोरात वळवले. बिघाडाचा मेसेज बिघाडाचा आहे हे ओळखू येईल असा नव्हता. मेसेज कोण वाचणार आहे याचा विचार न करता तो लिहिला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

चांगल्या मेसेजच्या या आग्रहावर पहिला आक्षेप अनुभवी लोकांचा असतो: डीबगर कशासाठी आहे? टेस्ट फेल झाली की ती पुन्हा चालवावी, थांबवावी, हवे ते पाहावे. वरच्या थरांत हे बऱ्याच अंशी चालते. तळाच्या थरात हीच वाट सगळ्यात आधी बंद होते. इथल्या चुका वेळेवर अवलंबून असतात. दोन प्रोसेसर नेमक्या कोणत्या क्रमाने मेमरीला हात लावतात यावर असतात. डीबगर लावला की वेळ बदलते आणि चूक गायब होते. टेस्ट रात्री दूरच्या सर्व्हरवर चालतात, ज्या बोर्डावर चालल्या तो सकाळी दुसऱ्याच कामाला लागलेला असतो. जीओटीचा हंगाम जसा परत येत नाही, तसाच तो क्षणही परत येत नाही. पुन्हा करून पाहता येत असते तर त्रोटक निकाल एक वेळ चालला असता. येत नाही, म्हणून त्या क्षणी जे दिसले ते तिथेच नोंदले पाहिजे.

दुसरा आक्षेप जागेचा, आणि तो खरा आहे. छोट्या कंट्रोलरमध्ये मेमरी किलोबाइटमध्ये मोजतात. अर्दुइनोच्या मूळ ऊनो बोर्डावरच्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी २ किलोबाइट एवढीच जागा असते. तिथे लांबलचक वाक्ये ठेवायची कुठे? पण १९८१ च्या आयबीएम पीसीकडे पाहा. त्याच्या बायॉसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, ८ किलोबाइट मिळाले होते आणि त्यात सुरू होतानाची स्वतःची तपासणीही बसवायची होती. कीबोर्डात बिघाड असला तर तो ३०१ दाखवी, मेमरीत असला तर २०१. पण मेमरीच्या वेळी २०१ च्या आधी आणखी अंक येत, आणि त्यांवरून कोणत्या बँकेतली कोणती चिप बदलायची हे दुरुस्ती करणाऱ्याला कोष्टकावरून काढता येई. मोजून चार-सहा अंक जास्त, पण खोललेल्या यंत्रात हात कुठे घालायचा ते त्यांत होते. आजचा उपाय याच दिशेचा आहे. वाक्ये बोर्डावर ठेवायचीच नाहीत. बोर्डाने वाक्याचा क्रमांक आणि त्यातल्या किमती पाठवायच्या, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मोठ्या संगणकाने त्यांचे पूर्ण वाक्य करायचे. रस्ट भाषेतले defmt हे साधन असेच चालते. टाकायचीच झाली तर शब्द टाका, किमती टाकू नका.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: मेसेजच खोटे बोलला तर? तळाच्या थरात हा धोका पुस्तकी नाही. हार्डवेअरमधले काही रजिस्टर असे असतात की वाचले की पुसले जातात. टेस्टने तुलनेसाठी ते एकदा वाचले, अट मोडली, आणि मेसेज छापायला पुन्हा वाचले, तर दुसऱ्या वेळी वेगळीच किंमत येते. मग पडद्यावर ‘अपेक्षित ०, मिळाले ०’ असा चक्रावून टाकणारा मेसेज दिसतो आणि माणूस भलत्याच गोष्टीवर दिवस घालवतो. सी भाषेतल्या मॅक्रोंत ही चूक सहज होते, कारण मॅक्रो आपल्या कंसातला मजकूर जितक्या वेळा वापरेल तितक्या वेळा तो चालतो. यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे: किंमत एकदाच घ्यायची, बाजूला ठेवायची आणि तुलना व छपाई दोन्ही त्या ठेवलेल्या किमतीवर करायची. के-युनिट आणि ग्लिबसी दोन्हीकडे हीच काळजी घेतली आहे. चांगला मेसेज लिहिणे हे असे कारागिरीचे काम आहे, आणि म्हणूनच ते प्रत्येकाने दर टेस्टमध्ये नव्याने करण्याऐवजी एकदा नीट करून सगळ्यांनी वापरावे.

मेसेज फार मोठे झाले तर कोणी वाचणार नाही, असेही म्हणतात. लोक वाचतच नाहीत हा समज मात्र तपासून पाहिला गेला आहे. टायटस बारिक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ५६ जणांच्या डोळ्यांची हालचाल मोजली. कंपायलरचे एरर मेसेज वाचण्यात त्यांच्या कामाचा १३ ते २५ टक्के वेळ जात होता, आणि ते वाचणे कोड वाचण्याइतकेच कठीण जात होते. वेळ जातोच आहे; तो कारणी लागतो की नाही एवढेच आपल्या हाती आहे. लांबीपेक्षा क्रम महत्त्वाचा. गूगलमध्ये तयार झालेले आणि २०१२ पासून क्लँग कंपायलरबरोबर मिळणारे ॲड्रेस सॅनिटायझर पाहा. त्याचा अहवाल चांगला पानभर असतो. पण पहिल्या ओळीत चुकीचा प्रकार येतो. मग किती बाइट वाचायचा प्रयत्न झाला ते. मग ती जागा ४० बाइटच्या तुकड्याच्या लगेच पलीकडे आहे हे. मग तो तुकडा कोणत्या ओळीत मागितला होता ते. चार बाइटांचे दहा आकडे मागितले आणि अकरावा वाचला, हे त्या ४० वरून आणि ‘लगेच पलीकडे’ या दोन शब्दांवरून समजते. शेवटी भोवतालच्या मेमरीचा नकाशा असतो, तो क्वचितच कोणी पाहतो. घाईत असलेला माणूस पहिल्या काही ओळींवर काम भागवतो, अडलेला खाली उतरतो. या सोयीसाठी प्रोग्राम साधारण दुप्पट हळू चालतो, आणि जगभरचे लोक टेस्टच्या वेळी ती किंमत खुशीने मोजतात.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. हे मेसेज इंग्रजीत असतात आणि वाचणाऱ्या कितीतरी जणांचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले असते. लिहिणाऱ्याने घाईत खरडलेला तुटक, संक्षेपांनी भरलेला इंग्रजी मेसेज त्या वाचणाऱ्याला दोनदा अडवतो, एकदा भाषेने आणि एकदा मजकुराने. आणि नवख्या मुलामुलीला वाटते की आपलीच समज कमी पडते. आकडे, क्रमांक, नावे आणि दोन-चार साधे शब्द यांनी बांधलेला मेसेज कोणत्याही भाषेतून आलेल्या माणसाला सारखाच वाचता येतो. २३०१ आणि ०१२३ वाचायला इंग्रजी यावे लागत नाही. नव्या माणसाला कामात सामावून घेण्यासाठी आपण प्रशिक्षणावर खर्च करतो. तो रोज ज्या ओळींकडे पाहून शिकणार आहे त्या ओळी मात्र तशाच सोडून देतो.

तेव्हा टेस्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. टेस्ट पास झाली की तिथे थांबू नका. कोडमधली एक किंमत मुद्दाम बिघडवा, टेस्ट फेल होऊ द्या आणि जो मेसेज येईल तो कोड न दाखवता शेजारच्या सहकाऱ्याला वाचायला द्या. काय मोडले, कुठे, कोणत्या किमतीवर आणि कोणत्या फेरीत, हे त्याला किंवा तिला मेसेजवरून सांगता आले तर बिघडवलेली किंमत परत ठीक करा आणि पुढच्या कामाला लागा. सांगता आले नाही, तर टेस्ट अजून पूर्ण झालेली नाही. तिच्यावर आणखी दहा मिनिटे द्या.